रिमोट टीममध्ये निर्णय कुठे राहतात? सॉफ्टवेअर टीममधल्या संवादाबद्दल

अर्धविराम (धागाकर्ता)

रिमोट कामावरचे बहुतेक धागे 'ऑफिस बरं की घर बरं' या वादावर येऊन अडकतात. इथे तो वाद नको. प्रश्न वेगळा आहे: सॉफ्टवेअर टीम एका खोलीतून उठून वेगवेगळ्या शहरांत आणि दोन-तीन टाइमझोनमध्ये पसरली की तिच्यातलं बोलणं नेमकं कुठे तुटतं, आणि ते सांधायला काय करावं लागतं?

ऑफिसात बरीच माहिती कोणी न पाठवताच पोचत असते. शेजारच्या टेबलावर दोघं एपीआयवरून (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवरून) वाद घालतात आणि तिसऱ्याच्या कानावर पडतं की ऑर्डरचा फॉरमॅट बदलतोय. व्हाइटबोर्डवरची आकृती आठवडाभर तशीच असते, येता-जाता दिसते. कोण कामात बुडालंय आणि कोणाला आत्ता विचारता येईल, हे नुसत्या नजरेला कळतं. टीम पसरली की हे सगळे मार्ग एकदम बंद होतात आणि त्यांच्या जागी आपोआप काहीच येत नाही.

मग लक्षणं दिसू लागतात. तोच प्रश्न महिन्यात तीनदा विचारला जातो, तीन माणसं तीन उत्तरं देतात. चौघांच्या कॉलवर ठरलेली गोष्ट बाकीच्यांना कोड मर्ज झाल्यावर (मुख्य कोडमध्ये मिसळल्यावर) कळते. चाळीस ओळींची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून स्वीकारण्याची विनंती) तीन दिवस पडून राहते. नवीन माणूस गप्प असतो आणि सगळं ठीक चाललंय असा समज होतो.

कृपया टूल्सची यादी देऊ नका, ती सगळीकडे मिळते. कोणती पद्धत चालते, तिचे आकडे काय आणि ती कुठे फसते, एवढंच हवंय.

---

तळटीप

चांगला विषय. आधी मोजलेलं काय आहे ते सांगतो, कारण या विषयात अंदाजावर फार बोललं जातं.

हर्ब्सलेब आणि मॉकस यांचा २००३ चा अभ्यास याच प्रश्नावर होता. एकाच ठिकाणी होणारी कामं आणि एकापेक्षा जास्त ठिकाणच्या लोकांना मिळून करावी लागणारी तशीच कामं यांची त्यांनी तुलना केली. विभागलेल्या कामांना सुमारे अडीचपट वेळ लागत होता. त्यातला मोठा भाग असा की विभागलेल्या कामात जास्त माणसं गुंतावी लागतात, आणि प्रत्येक जादा माणूस म्हणजे आणखी एक वाट पाहणं.

दुसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांचा, २०२१ साली नेचर ह्युमन बिहेवियरमध्ये आलेला. कंपनीच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पूर्वार्धातला डेटा होता. सगळे रिमोट झाल्यावर लोकांचे गट जास्त बंदिस्त झाले. वेगवेगळ्या गटांमधल्या सहकार्यात जाणारा वेळाचा हिस्सा सुमारे २५ टक्क्यांनी घटला. समोरासमोरच्या किंवा कॉलवरच्या बोलण्याचा वाटा कमी झाला, ईमेल आणि चॅट वाढले.

हे दोन्ही एकत्र वाचायला हवेत. रिमोटमध्ये टीमच्या आतला संवाद तितकासा बिघडत नाही. उलट ज्यांच्याशी रोज काम आहे त्यांच्याशी बोलणं वाढतंही. तुटतात ते टीमबाहेरचे पातळ धागे: पेमेंटच्या टीममधला ओळखीचा माणूस, प्लॅटफॉर्मवाल्यांशी जाता-जाता झालेलं बोलणं. याचं बिल लगेच येत नाही, काही महिन्यांनी इंटिग्रेशनच्या वेळी येतं.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्था जी सिस्टिम बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. दोन टीम एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या सर्व्हिसमधली सीमाही तशीच ओबडधोबड निघते: एकच व्हॅलिडेशन दोन्हीकडे, एकीकडे पैसे पूर्णांकात आणि दुसरीकडे दशांशात, एकाची 'रद्द' स्थिती दुसऱ्याच्या यादीतच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पहिला उपाय टीमच्या आत न करता सीमेवर करावा. ज्या दोन टीममध्ये एपीआय किंवा इव्हेंटची देवाणघेवाण आहे तिथे तीन गोष्टी हव्यात. करार लिहिलेला हवा, म्हणजे ओपनएपीआयची किंवा प्रोटोबफची फाइल (देवाणघेवाणीचा आराखडा लिहायच्या या दोन पद्धती), आणि तिच्यात बदल करणाऱ्या पुल रिक्वेस्टवर समोरच्या टीमचा रिव्ह्यू सक्तीचा. गिटहबवर हे 'कोडओनर्स' फाइलमध्ये (कोणत्या फाइलची जबाबदारी कोणाची याची यादी) एका ओळीत जमतं, पण ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (मर्ज करण्याच्या नियमांत) कोडओनरची मंजुरी आवश्यक केली नाही तर ती ओळ नुसती सूचना पाठवते, मर्ज अडवत नाही. दुसरं, दोन्ही टीमचं मिळून एक खुलं चॅनेल. तिसरं, दोन आठवड्यांतून एकदा अर्ध्या तासाचा कॉल, ज्यात फक्त 'येत्या महिन्यात आमच्याकडे काय बदलतंय' एवढंच सांगायचं. तिसरं टाळायचा मोह होतो, कारण त्या कॉलवर बहुतेक वेळा विशेष काही घडत नाही. तरी तो टाळू नका.

---

रिकामी_ओळ

सीमेबद्दल पूर्ण सहमत. पण मूळ प्रश्नातलं 'चौघांच्या कॉलवर ठरलं' हे टीमच्या आतलंच दुखणं आहे आणि त्यावर एकच औषध आहे: निर्णयाला पत्ता हवा. चॅट हा निर्णयाचा पत्ता नव्हे. तिथे चर्चा होते, निर्णय तिथून उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो.

मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेला आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड अजूनही सगळ्यात कामाचा आहे. कोडच्याच रेपोत (कोड साठवायच्या जागेत) एक फोल्डर, प्रत्येक निर्णयाला एक छोटी मार्कडाउन फाइल, क्रमांकासह. मूळ मांडणीत शीर्षकाखाली स्थिती, संदर्भ, निर्णय आणि परिणाम असतात. रिमोट टीमसाठी त्यात 'नाकारलेले पर्याय' जरूर घाला, कारण सहा महिन्यांनी येणारा माणूस तेच पर्याय पुन्हा घेऊन येतो. नमुना असा:

> ००१४: ईमेलची रांग पोस्टग्रेसच्या टेबलमध्येच ठेवायची
> स्थिती: मान्य
> संदर्भ: मिनिटाला जास्तीत जास्त २०० ईमेल जातात. वेगळा ब्रोकर (रांग सांभाळणारी स्वतंत्र सिस्टिम) आणला तर त्याचं मॉनिटरिंग, बॅकअप आणि अपग्रेड आलं. ऑनकॉलवर तिघंच आहेत.
> निर्णय: जॉब टेबल. वर्कर 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून ओळी उचलतील.
> नाकारलेले पर्याय: रॅबिटएमक्यू (चालवायला आणखी एक सिस्टिम), रेडिस (रीस्टार्टमध्ये जॉब हरवू नयेत म्हणून पर्सिस्टन्सची वेगळी काळजी).
> परिणाम: टेबलमध्ये मेलेल्या ओळी भराभर साचतील, ऑटोव्हॅक्यूमवर (त्या साफ करणाऱ्या प्रक्रियेवर) लक्ष ठेवावं लागेल. मिनिटाला ५,००० च्या पुढे गेल्यास हा निर्णय पुन्हा उघडायचा.

एवढंच. एका स्क्रीनमध्ये मावलं पाहिजे. शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं: कोणत्या परिस्थितीत हा निर्णय चुकीचा ठरेल हे आजच लिहून ठेवलंय.

निर्णय बदलला तर जुनी फाइल दुरुस्त करायची नाही. तिची स्थिती 'बदलला, ००२१ पाहा' करायची आणि नवीन फाइल लिहायची. नाहीतर जुन्या कोडमागचं कारण पुसलं जातं.

आता मुदत. अपाची फाउंडेशनच्या (मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या) प्रकल्पांत रिलीजचं मतदान साधारणपणे किमान ७२ तास उघडं ठेवतात, म्हणजे कुठल्याही टाइमझोनमधल्या माणसाला वाचायला वेळ मिळतो. टीमसाठी हेच वापरा: प्रस्ताव पुल रिक्वेस्ट म्हणून टाका, ७२ तास उघडा ठेवा, आक्षेप आला नाही तर मान्य. शनिवार-रविवार त्यात धरू नका.

हे फसतं कुठे? एक, 'मौन म्हणजे संमती' हे सगळ्यांना आधी माहीत नसतं. दोन, ज्याच्या मॉड्यूलला फटका बसणार तोच सुट्टीवर असतो, म्हणून अशा माणसाचं किंवा त्याच्या बदल्यात असलेल्याचं मौन संमती धरायचं नाही, त्याचं स्पष्ट उत्तर हवं. तीन, आणि हे सर्वांत जास्त होतं: चर्चा लांबते आणि शेवट करायचा कोणी हे ठरलेलं नसतं. प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत 'अंतिम निर्णय: अमुक' असं एका माणसाचं नाव लिहा. समितीचं नको, माणसाचं.

---

दुवासाखळी

+१. चॅटबद्दल एक व्यवहारी मुद्दा: स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये सप्टेंबर २०२२ पासून फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. लहान टीम त्यावरच असतात. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'कारणासाठी स्लॅक थ्रेड पाहा' असं लिहिलेलं असेल तर तीन महिन्यांनी ती लिंक निरुपयोगी. पैसे भरत असलात तरी खाजगी चॅनेलची लिंक नव्या माणसाला उघडत नाही. लिंक द्या, पण सोबत दोन ओळींत सारांशही तिथेच लिहा.

---

उत्तरायण

पुल रिक्वेस्टबद्दल लिहितो. इथे बहुतेक टीम चुकीच्या जागी जोर लावतात. 'लवकर रिव्ह्यू करा' असं सगळे सांगतात, पण पसरलेल्या टीममध्ये खर्च फेऱ्यांचा असतो.

हिशोब साधा आहे. लेखक आणि रिव्ह्यूअर यांच्यात आठ-नऊ तासांचं अंतर असेल तर एक प्रश्न आणि त्याचं उत्तर यात एक दिवस जातो, दोघंही तत्पर असले तरी. तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवस, मध्ये शुक्रवार आला तर पाच. रिव्ह्यूला लागणारा वेळ वीस मिनिटांवरून दहावर आणून यात काही फरक पडत नाही. फेऱ्या तीनवरून एकवर आणल्या तर पडतो.

लेखकाने काय करायचं: बदल लहान ठेवायचा. गूगलच्या जाहीर रिव्ह्यू मार्गदर्शनात सुमारे १०० ओळी ठीक आणि १,००० ओळी सहसा जास्तच असं धरलंय, ते पसरलेल्या टीमला तंतोतंत लागू पडतं. वर्णनात चार गोष्टी: काय बदललं, का बदललं, कसं तपासलं, आणि कोणत्या फाइलपासून वाचायला सुरुवात करायची. मग पाठवण्याआधी स्वतःचाच डिफ (बदललेल्या ओळी) वाचून, जिथे प्रश्न येणार हे दिसतंय तिथे आधीच कमेंट टाकायची: 'हा लूप मुद्दाम आहे, एकत्र क्वेरी केली तर लॉक लांबतो.' एक फेरी इथेच वाचते.

रिव्ह्यूअरने काय करायचं, ते उदाहरणानेच दाखवतो. ही कमेंट एक दिवस खाते:

> इथे रिट्राय का आहे?

आणि ही खात नाही:

> अडवणारं: या पेमेंट कॉलला टाइमआउट झाला की तीनदा रिट्राय होतो, पण आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आलीय हे ओळखायची खूण) पाठवलेली नाही. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोचली असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील. ऑर्डर आयडीवरून की बनवून हेडरमध्ये पाठवा, सगळ्या प्रयत्नांत तीच. एवढं केलंत की माझी मंजुरी धरा, पुन्हा विचारायला नको.

दुसऱ्या कमेंटमध्ये दर्जा आहे (अडवणारं की किरकोळ), कारण आहे, उपाय आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे. 'किरकोळ' असं लिहिलेल्या कमेंटसाठी मंजुरी अडवायची नाही. मंजूर करून कमेंट ठेवायची, लेखक मर्ज करण्याआधी बघेल.

आणि एकाच मुद्द्यावर दोनदा इकडून-तिकडे झालं की लिहिणं थांबवा. पंधरा मिनिटांचा कॉल करा. जे ठरेल ते कॉल संपताच पुल रिक्वेस्टमध्ये लिहा. शेवटचं वाक्य विसरलं की मूळ धाग्यातली 'चौघांच्या कॉलवर ठरलं' ही अवस्था परत येते.

---

नवखा_पान

नवीन माणसाच्या बाजूने विचारतो. चॅनेलमध्ये सगळ्यांसमोर प्रश्न टाकायला संकोच वाटतो म्हणून लोक डीएममध्ये (खाजगी मेसेजमध्ये) विचारतात. डीएममध्ये नुसतं 'हाय, एक विचारायचं होतं' लिहून वाट बघत बसतात. हे चूक आहे हे कळतं, पण बरोबर काय ते कोणी दाखवत नाही.

---

तळटीप

@नवखा_पान, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. नुकसान नवीन लोकांचंच सर्वांत जास्त होतं, आणि याचा पुरावा आहे. इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस यांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सच्या कोड रिव्ह्यूंचा अभ्यास केला. ज्यांची सगळी टीम एकाच इमारतीत होती त्यांना, ज्यांची टीम विखुरलेली होती त्यांच्यापेक्षा २२ टक्के जास्त फीडबॅक मिळत होता. २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली तेव्हा ही तफावत बरीच मिटली, म्हणजे ती जवळ बसण्यामुळेच होती. नवख्यांना याचा फायदा जास्त होत होता. मात्र शिकवण्यात वेळ जात असल्यामुळे अनुभवी लोकांचा स्वतःचा कोड कमी होत होता, हेही त्यात दिसतं. म्हणून अनुभवी माणसाच्या कामाच्या हिशोबात शिकवण्याचा वेळ धरला नाही तर रिमोटमध्ये तो सर्वांत आधी गळतो.

प्रश्न कसा लिहायचा, याचा नमुना:

> स्टेजिंगवर ऑर्डर सर्व्हिस सुरू होताना 'कनेक्शन रिफ्यूज्ड' देते, पोर्ट ५४३२. लोकलवर चालते. डेटाबेसचा पॉड चालू आहे, त्यात शिरून क्वेरी करता येते. सर्व्हिसच्या पॉडमध्ये डीबी होस्ट 'लोकलहोस्ट' दिसतोय. हे मूल्य कॉन्फिगमॅपमधून यायला हवं होतं की सीक्रेटमधून? घाई नाही, तोवर दुसरं तिकीट घेते.

काय केलं, काय दिसलं, कुठे अडलंय, किती घाई आहे. उत्तर देणाऱ्याला एकाच मेसेजमध्ये उत्तर देता येतं.

संकोचाचं मात्र नमुन्याने भागत नाही. तो मोडायची जबाबदारी अनुभवी लोकांची. सीनियर माणसाने आपले प्रश्न खुल्या चॅनेलमध्ये विचारले की बाकीच्यांचे आपोआप येतात. डीएममध्ये प्रश्न आला तर 'हा चॅनेलमध्ये टाका, तिथे उत्तर देतो' असं सांगून खरोखर लगेच उत्तर द्या. तिथे टाकून दोन तास उत्तर आलं नाही तर तो माणूस पुन्हा डीएमकडेच वळणार.

---

कडीकोयंडा

इथपर्यंत सगळं लिहिण्याच्या बाजूने चाललंय, म्हणून थोडा विरोध करतो. लिहिलेल्या मजकुरात आवाज नसतो. 'हे असं का केलं?' हा प्रश्न समोर बसून विचारला तर कुतूहल वाटतं, रिव्ह्यूमध्ये वाचला तर आरोप वाटतो. मतभेद, कामाबद्दलची नाराजी, कोणाच्या कामातल्या मूलभूत त्रुटी, प्राधान्यक्रम बदलल्याची बातमी: या गोष्टी बोलूनच व्हायला हव्यात. नवीन माणसासोबत शेअर केलेल्या स्क्रीनवर तासभर कोड लिहिण्याला तर पर्याय नाही. डीबगर कधी उघडायचा, लॉगमध्ये आधी काय शोधायचं, कमांड हिस्टरी कशी वापरायची, हे कुठल्याच दस्तऐवजात येत नाही. अशा वेळी कीबोर्ड नवख्याच्या हातात ठेवा आणि अनुभवी माणसाने फक्त बोलावं. उलट केलं तर नवखा दहा मिनिटांत प्रेक्षक होतो.

फक्त कॉलची भौतिक मर्यादा समजून घ्या. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली नेहमीची फट सुमारे २०० मिलिसेकंदांची असते. वेगवेगळ्या भाषांच्या तुलनेत हे दिसलंय. कॉलमध्ये आवाज पोचायलाच वेळ लागतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक वापरांना चालेल असं धरलंय. दूरच्या खंडांतल्या लोकांमध्ये, वर वायफाय आणि ब्लूटूथ हेडफोन, की हा आकडा सहज ओलांडला जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि जो मोठ्याने बोलतो तोच बोलत राहतो. शांत माणूस मत नाही म्हणून गप्प नसतो, त्याला फटच मिळत नाही.

उपाय यातूनच निघतात. सहापेक्षा जास्त लोक असतील तर एकाने सूत्रसंचालन करायचं आणि नाव घेऊन विचारायचं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. हात वर करायचं बटण खरोखर वापरायचं. शक्य असेल तर तारेचा हेडसेट. काही लोक ऑफिसात आणि काही घरी असतील तर ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून आपापल्या हेडसेटने जोडायचं. एकाच खोलीत दोन उघडे माइक राहिले की घुमतं, म्हणून शक्यतो वेगवेगळ्या जागी बसायचं. मीटिंग रूममध्ये पाच जण एका मोठ्या स्क्रीनसमोर आणि दोघं दूर, या रचनेत ते दोघं पंधरा मिनिटांत चर्चेबाहेर पडतात, कारण खोलीतले लोक एकमेकांकडे बघून बोलू लागतात.

कॅमेरा सक्तीचा करण्याला माझा विरोध आहे. एकास-एक बोलण्यात चेहरा दिसणं उपयोगी, बारा जणांच्या स्टेटस मीटिंगमध्ये नाही.

---

रिकामी_ओळ

@कडीकोयंडा, मतभेद बोलून सोडवावेत हे पटलं. माझं म्हणणं एवढंच की बोलून झाल्यावर निकाल लिहिला जावा.

रोजचा स्टँडअप (कामाच्या आढाव्याची छोटी बैठक) मात्र लिखितच बरा, जर टीम दोनपेक्षा जास्त टाइमझोनमध्ये असेल. 'काल काय केलं' हा प्रश्न काढून टाका, ते तिकीट आणि कमिटमधून दिसतं. दोनच ओळी ठेवा: 'मी अडलोय ते इथे' आणि 'आज माझ्यामुळे कोणाला फरक पडेल ते हे'. बॉटने विचारून सगळे यांत्रिकपणे भरू लागले आणि त्यावर कोणी प्रतिक्रियाच देईना, तर तो बंद करा. अडलेल्या ओळीला रोज कोणीतरी उत्तर देणं हे एका माणसाचं ठरलेलं काम हवं, आठवड्यागणिक फिरतं.

---

उत्तरायण

टाइमझोनचा विषय निघालाय तर वेळेच्या घोळाबद्दल, कारण तो दरवर्षी नेमाने होतो.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी. परत येतं ते युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा न्यूयॉर्क आणि बर्लिनमधलं अंतर सहाऐवजी पाच तास असतं. २०२६ मध्ये हे ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. दक्षिण गोलार्धात बदल उलट दिशेने होतो. आणि जिथे घड्याळ बदलतच नाही तिथल्या माणसाची मीटिंग वर्षातून दोनदा तासभर सरकते, त्याने काहीच केलेलं नसताना.

आवर्ती आमंत्रण ते बनवताना निवडलेल्या टाइमझोनला बांधलेलं असतं, सहसा ते पाठवणाऱ्याच्या. न्यूयॉर्कमधल्या माणसाने सकाळी ९:३० चं आमंत्रण केलं असेल तर बर्लिनमध्ये ते एरवी दुपारी ३:३० ला आणि त्या मधल्या आठवड्यांत २:३० ला दिसेल. तिथे आधीच दुसरी मीटिंग असेल तर टक्कर. म्हणून टीमची समाईक मीटिंग कोणत्या टाइमझोनला बांधली आहे हे आमंत्रणातच लिहा, आणि या आठवड्यांची नोंद टीमच्या कॅलेंडरवर आधीच टाका.

चॅटमध्ये 'उद्या सकाळी डिप्लॉय' असं लिहू नका. 'गुरुवार, १४:०० यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) लिहा. 'ईएसटी' (पूर्व अमेरिकेची हिवाळ्यातली वेळ) सारखी आद्याक्षरं टाळा, उन्हाळ्यातही लोक सवयीने तेच लिहितात आणि तासभराची चूक होते. 'आयएसटी' तर भारत, इस्रायल आणि आयर्लंड, तिन्हीकडे वापरात आहे.

गैरसोयीची वेळ फिरती ठेवा. दर तिमाहीला मीटिंगची वेळ बदला, म्हणजे रात्री जागणारा माणूस कायम तोच राहणार नाही.

---

दुवासाखळी

प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) बंद पडल्यावरचा संवाद कोणी काढला नाही, तो जोडतो. एका खोलीत असताना सगळे एका स्क्रीनभोवती जमतात आणि कोण काय करतंय हे दिसतं. रिमोटमध्ये दोघं एकाच वेळी तोच सर्व्हर रीस्टार्ट करू शकतात आणि दोघांनाही पत्ता लागत नाही.

भूमिका आधी जाहीर करा: निर्णय घेणारा एक, कीबोर्डवर हात असलेला एक, बाहेर खबर देणारा एक, नोंद ठेवणारा एक. लहान टीममध्ये शेवटचे दोन एकच असू शकतात, पहिले दोन शक्यतो नकोत. व्हॉइस कॉल चालू ठेवा, पण प्रत्येक बदलाची कमांड चालवण्याआधी चॅनेलमध्ये टाका, होस्टच्या नावासकट. दुसऱ्याने 'हो' म्हटल्यावर चालवा. ठराविक अंतराने, समजा दर ३० मिनिटांनी, स्थिती कळवा. नवीन काही नसेल तर तेच लिहा.

होस्टचं नाव का? गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत) ३१ जानेवारी २०१७ ला दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून प्राथमिक सर्व्हरवरच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले तेव्हा ते थांबवलं गेलं, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यातला संवादाचा भाग जास्त बोलका आहे. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे अयशस्वी होत होता, त्याच्या सूचना ईमेलने जातही होत्या, पण डीमार्कच्या (ईमेल खऱ्या पाठवणाऱ्याकडूनच आलाय का ते बघणाऱ्या) तपासणीत त्या नाकारल्या जात होत्या. कोणापर्यंतच पोचत नव्हत्या. त्यांनी नंतर सगळी दुरुस्ती सार्वजनिक दस्तऐवजात आणि थेट प्रक्षेपणात उघडपणे केली, ते अनुकरणीय आहे.

यातून घ्यायचं ते असं: ज्या सूचनेचं काम फक्त अपयश कळवणं आहे, तिचं मौन तपासून पाहता येत नाही. बॅकअप यशस्वी झाल्याची नोंद रोज यायला हवी आणि ती आली नाही तर अलार्म वाजायला हवा.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, यातलं बरंच लगेच वापरण्यासारखं आहे. दोन प्रश्न उरतात. एका वेळी हे सगळं सुरू केलं तर टीम वैतागेल, मग सुरुवात कशाने करावी? आणि सुधारणा होतेय हे कशावरून ओळखायचं? मेसेजची संख्या मोजणं मला पटत नाही.

---

उत्तरायण

मेसेज मोजूच नका. संख्या मोजायला लागलात की लोक संख्या वाढवतात. ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपकाही बघू नका, त्याने लोक उत्तर द्यायला नाही, ठिपका हिरवा ठेवायला शिकतात.

मोजा ते हे: पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून पहिल्या माणसाच्या रिव्ह्यूपर्यंतचा वेळ, आणि मर्ज होईपर्यंतच्या फेऱ्या. सरासरी नको, मध्यक आणि ९० वा पर्सेंटाइल (ज्याच्या आत ९० टक्के रिक्वेस्ट येतात तो आकडा) घ्या, कारण सुट्टीत अडकलेली एक रिक्वेस्ट सरासरी बिघडवते. बॉटच्या कमेंट वगळा. आकडे टीमचे बघा, माणसागणिक लावू नका. लावले तर लोक न वाचता मंजूर करू लागतील.

---

रिकामी_ओळ

सुरुवात निर्णयांच्या फाइल्सनी करा. पहिल्या दोन आठवड्यांत जुने निर्णय उकरू नका, फक्त नवे लिहा. प्रत्येक कॉलच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि त्याच कॉलवर, सगळ्यांसमोर स्क्रीन शेअर करून, तीन ओळी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'नंतर लिहितो' म्हटलं की ते लिहिलं जात नाही, आणि ठरलेल्या गोष्टीचे दोन अर्थ निघत असतील तर ते याच पाच मिनिटांत उघड होतात.

ओळखायची खूण: कॉलला नसलेल्या एका सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी ती फाइल वाचायला द्या आणि 'आता तुम्ही काय करणार?' विचारा. त्याच्या उत्तरात चूक निघाली तर ती त्याची नाही, फाइल दुरुस्त करा.

---

नवखा_पान

या फाइल्स रेपोत असतील तर टेस्टर, डिझायनर, प्रॉडक्टवाले यांना दिसणार कशा? त्यांच्याकडे बहुतेक वेळा रेपोचा ॲक्सेस नसतो.

---

रिकामी_ओळ

केवळ वाचनाचा ॲक्सेस मागून घ्या, बहुतेक ठिकाणी मिळतो. नाहीच मिळाला तर प्रस्तावाची पुल रिक्वेस्ट उघडली की, आणि मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यावर पुन्हा, सीआयमधून (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या यंत्रणेतून) ते फोल्डर टीमच्या विकीवर आपोआप छापा. विकीवरच्या पानावर 'इथे बदल करू नका, मूळ फाइल रेपोत आहे' ही ओळ सर्वांत वर हवी, शक्य असेल तर संपादन बंदच करा. नाहीतर दोन प्रती तयार होतात आणि कोणती खरी यावर पुन्हा एक कॉल लागतो. आक्षेप नोंदवायला त्यांना चॅनेलची लिंक त्याच पानावर द्या, आणि ७२ तासांची मुदत प्रस्तावाचं पान छापल्यापासून मोजा.